तो कोन मी काढलेला नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सुनेला नाही, मुलाला नाही. आमटीत मीठ जास्त पडलं तरी जिला मी फोन करून सांगते, त्या माझ्या सख्ख्या बहिणीलाही नाही. त्र्यंबकेश्वरला गेले होते, तीन तास रांगेत उभी राहिले, आत डोकं टेकलं, आणि तिथेही नाही. मनाशी म्हटलं, त्याला काय सांगायचं, त्याला ठाऊक असेलच. असं म्हटलं की सोपं जातं, नाही का? सांगायचं वाचतं.

तुम्ही कोण आहात ते मला माहीत नाही. म्हणूनच कदाचित तुम्हाला सांगणं जमेल. बघते.

आधी मी कोण ते सांगते. मला अंबडच्या एका कारखान्यात सगळे ‘विमलमावशी’ म्हणायचे. कारखान्याचं नाव सांगत नाही, चूक त्याची नाहीच. तिथे रेल्वेच्या विजेच्या इंजिनांसाठी इन्व्हर्टर बनतात. इन्व्हर्टर म्हटलं की लोकांना घरातला डबा आठवतो, लाइट गेल्यावर पंखा चालवणारा. हा तसा नव्हे हो. हा कपाटाएवढा असतो आणि हजारो टनांची मालगाडी ओढणाऱ्या मोटरला वीज देतो. नुसती देत नाही, तुकडे करून देतो. वीज चालू, बंद, चालू, बंद. त्या तुकड्यांना आम्ही पल्स म्हणतो. कुठला तुकडा किती रुंद आणि नेमका कधी, यावर मोटर गोडीत फिरेल की झटके देईल ते ठरतं.

मी दहावी. लग्नाआधीचं तेवढंच शिक्षण. आमचे मालक, म्हणजे नवरा, लवकर गेले, म्हणून पोट भरायला कॉइल गुंडाळायच्या लाइनवर लागले. तिथून सोल्डरिंग, तिथून टेस्टिंग. साहेब लोकांची इंग्रजी पुस्तकं घरी न्यायची, डिक्शनरी घेऊन एकेक ओळ लावायची, आणि मुलाच्या उरलेल्या वह्यांत मराठीत उतरवायची. सहा वह्या आहेत अजून. बाईला काय कळतंय म्हणणारे पुष्कळ होते, पुढे तेच माझ्या वह्या मागायला यायचे. अभिमान होता मला. फार. तो लक्षात ठेवा—सगळं तिथूनच आलं.

आणि माझे कान. इंजिन सुटताना कधी लक्ष देऊन ऐकलंय? आवाज वर वर चढत जातो, मग एकदम खाली उतरतो, पुन्हा चढतो, पुन्हा उतरतो. लोकांना वाटतं गियर बदलला. गियर नसतो. एवढे मोठे स्विच फार भराभर उघडझाप करू शकत नाहीत, तापतात. म्हणून गाडी हळू असताना एका फेऱ्यात पुष्कळ पल्स, आणि वेग वाढला की पल्स कमी करत जायचं. पंधरा, मग नऊ, मग पाच, तीन, शेवटी एकच. दर वेळी संख्या बदलली की आवाज उतरतो. तो बदल नेमक्या क्षणी व्हायला हवा. मोटरच्या आत जे फिरतं ते फेऱ्यातल्या कुठल्या जागी असताना बदलायचं, त्या जागेला आम्ही कोन म्हणतो. कोन चुकला की करंटचा झटका बसतो. झटका मोठा असेल तर मशीन स्वतःला वाचवायला बंद पडतं. ट्रिप होतं.

नवीन पोरांना मी उखळाचं उदाहरण द्यायची. एका उखळात दोन बाया कांडतात, एकीचं मुसळ वर असताना दुसरीचं खाली. ताल बदलायचा तर कधी? मनाला येईल तेव्हा बदलला तर मुसळावर मुसळ, नाहीतर दुसरीच्या मनगटावर. पोरं हसायची. “मावशी, तुमच्या इन्व्हर्टरमध्ये बाया बसल्यात होय?” मी म्हणायची, “बसल्यात रे, आणि तुझ्यापेक्षा शहाण्या आहेत.”

कोन किंचित चुकला, ट्रिप होण्याइतका नाही पण चुकला, तर बदलाच्या क्षणी मोटरमधून एक बारीक ‘किट्’ येते. स्कोपवर, म्हणजे विजेची लाट दाखवणाऱ्या पडद्यावर, दिसते न दिसते. मला ऐकू यायची. मी टेस्टिंगच्या बेंचपाशी डोळे मिटून उभी राहायची, मोटरच्या अंगावर हात ठेवायची आणि सांगायची, “पाचाचे तीन होताना उशीर होतोय, थोडं अलीकडे घ्या.” घेतलं की किट् बंद. बाहेरून पाहुणे आले की साहेब त्यांना मुद्दाम घेऊन यायचे. “हे आमचं सगळ्यात महागडं मीटर.” मी आपली लाजल्यासारखं करायची.

इथवर सगळं खरं आहे. आता पुढचं.

वीस-बावीस वर्षं त्या आवाजात काढल्यावर काय होणार? कान गेले. एकदम नाही—आधी कुकरची शिट्टी लांबून यायला लागली, मग फोनची रिंग, मग नातीचं बोलणं. जाड आवाज यायचे, बारीक जायचे. आणि ती किट् तर बारीकच. एका दिवशी लक्षात आलं की महिनाभर मी ती ऐकलेलीच नाही. मशीनं सुधारली असतील, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. तुम्ही नाही सांगितलं कधी स्वतःला असं काही?

कंपनीत दरवर्षी कानांची तपासणी व्हायची. काचेच्या खोलीत बसवायचे, कानाला हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. पलीकडे तपासणारी मुलगी पाठमोरी बसायची, पण आवाज सोडताना तिचं कोपर हलायचं. मी कोपर बघून बटण दाबलं. एक नाही, चार वर्षं. रिपोर्ट उत्तम. साहेब म्हणाले, “मावशी, या वयात!”

मग बेंचवर काय करत होते? हाताला मोटरची थरथर कळायची, मोठी चूक त्यातून समजायची. स्कोपकडे पापण्यांच्या फटीतून बघायची. उरलेलं अनुभवावर ठोकून द्यायची. बहुतेकदा बरोबर यायचं, आणि चुकलं तर कोण बोलणार? मीटरला कुणी खोटं म्हणत नाही. पण हेही अजून सांगायचं ते नाहीच. हे लहान आहे.

हर्षदा आली तेव्हा मी अठ्ठावन्नची. ती तेवीस-चोवीस. नामपूरची. वडील तिथल्या कांदा मार्केटात मापाडी. घराण्यातली पहिली इंजिनिअर. पाथर्डी फाट्याला तिघी मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा, आणि पहिला तुकडा मोडून माझ्या झाकणात टाकल्याशिवाय स्वतः खायची नाही. बोलणं शुद्ध करायला बघायची बिचारी, पण घाईत आली की अहिराणी सांडायची. मशीन ट्रिप झालं की ओरडायची, “काय व्हयनं मावशी?” सगळा बेंच हसायचा. मग तीच सगळ्यात जास्त हसायची.

तिला मी शिकवलं. मनापासून शिकवलं, हे खोटं नाही. माझ्या सहाही वह्या तिने वाचल्या, दोन ठिकाणी माझी चूक काढली, आणि ती पेन्सिलीने इतक्या बारीक अक्षरात लिहिली की मला वाईट वाटू नये. मला मुलगी नाही. असती तर, असं एकदोनदा मनात आलं होतं. हे कशाला सांगतेय? दया यावी म्हणून नाही. मी कुणाचं काय केलं ते नीट कळावं म्हणून.

दोनेक महिन्यांत तिला कळलं. माझ्या कानांचं. सहा-सात वर्षं ज्या साहेबांना कळलं नाही, पोटच्या मुलाला कळलं नाही, ते तिला दोन महिन्यांत. कसं ते सांगते. ती पाठीमागून चहाचं विचारत होती. म्हणे तीनदा. मी वळलेच नाही. चौथ्या वेळी ती पुढे येऊन उभी राहिली, काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने चहा दिला. त्या दिवसापासून ती माझ्याशी कधी मागून बोलली नाही, नेहमी फिरून समोर यायची. आणि बेंचवर मी डोळे मिटून उभी असले, म्हणजे मिटल्यासारखे करून, की ती स्कोपच्या शेजारी उभी राहायची, आणि पल्स बदलताना किट् आली तर हातातली पेन्सिल आडवी करायची. नाही आली तर उभीच. बोलली कधीच नाही. मला दिसेल अशा जागी फक्त पेन्सिल.

म्हणजे वर्षभर विमलमावशीचे कान हर्षदाच्या हातात होते. आणि लोक माझीच वाहवा करत होते, आणि ती त्या लोकांत उभी राहून मान डोलावत होती.

फक्त एकदा बोलली. डबा खाताना, माझ्याकडे न बघता. “मन्ही आजीबी अशीच शे मावशी. तिच्याशी समोर बसूनच बोलाले लागस.” आणि ठेच्याचा गोळा पुढे केला.

कुणी इतक्या हलक्या हाताने लाज झाकली असती तर तुम्ही काय केलं असतं? पाय धरले असते, नाहीतर निदान हसला असता, “कळलं का गं तुला,” म्हणाला असता. मी म्हटलं, “आज ठेचा खारट झालाय.” आणि त्या दिवसापासून मला ती पोरगी सलायला लागली. डोळ्यांत गेलेल्या कुसळासारखी. तिने काय वाईट केलं होतं? काहीच नाही. तिला फक्त माहीत होतं.

त्यातच घाटाची तक्रार आली. आमचे नवे इन्व्हर्टर बसवलेलं इंजिन इगतपुरीकडून घाट उतरताना मध्येच ट्रिप व्हायचं. उतारावर मोटरच ब्रेकचं काम करते आणि वीज परत पाठवते. तिने मान टाकली की सगळा भार चाकांच्या ब्रेकवर. अपघात नाही झाला, पण गाड्या घाटात उभ्या राहायला लागल्या. कंपनीत धावपळ. बेंचवर मात्र तेच मशीन शहाण्या मुलासारखं चालायचं. साहेब म्हणाले, “मावशींना ऐकू द्या.” तीन दिवस मी ऐकलं. म्हणजे उभी राहिले. पेन्सिल उभीच होती, किट् नव्हतीच तर काय! तीन दिवस सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मला काही म्हणजे काही सुचत नव्हतं.

चौथ्या दिवशी हर्षदाने कँटीनमध्ये मला कोपऱ्यात बसवलं, समोर. टेस्टशीटच्या पाठीवर काढून दाखवलं. आता हे जरा लक्ष देऊन वाचा, अवघड नाही. कंट्रोलरने ‘बदल’ म्हणून ठरवायचं आणि स्विचने ते करायचं, यात थोडा उशीर होतो. डोळ्याची पापणी लवायच्या किती तरी आत, पण होतो. आणि तो उशीर नेहमी सारखाच. मोटर हळू असेल तर तेवढ्या वेळात ती जागची फारशी हलत नाही, कोन बिघडत नाही. पण मोटर जोरात असेल तर तेवढ्याच वेळात पुष्कळ पुढे जाते. आम्ही कोन बसवायचो बेंचवर, एका ठरलेल्या वेगाला. माझ्या कानांनी बसवलेला कोन! घाटात ब्रेक लागलेला असताना तोच बदल जास्त वेगावर व्हायचा. तिथे तो कोन खोटा पडायचा.

ती म्हणाली, “मावशी, तुमचं उखळच आहे बघा. सावकाश कांडताना हात जरा मागे राहिला तरी चालतं. भराभर कांडायला लागलं की तेवढंच मागे राहणं मनगटावर बसतं. म्हणून कोन ठरवून ठेवायचाच नाही. वेग वाढला की कोन तेवढा आधी घ्यायचा.” खाली सूत्र लिहिलं होतं, एका ओळीचं. शेजारी पाच वेगांचे पाच आकडे, चौकटीत.

मला लगेच समजलं. खरं सांगते, अंगावर काटा आला. इतकं साधं आणि इतकं बरोबर. माझ्या सहा वह्यांत ते कुठेही नव्हतं.

मी काय म्हटलं माहितीये? “साहेबांना एवढ्यात सांगू नकोस. नवी आहेस, चुकलं तर हसं होईल. मी आधी ऐकून बघते.” ती म्हणाली, “बरं मावशी, तुम्हीच बघा.” दुसऱ्या दिवशी तिच्या बहिणीचा साखरपुडा होता, ती दोन दिवस नामपूरला गेली. कागद माझ्याकडे ठेवून गेली. विश्वासाने म्हणते मी, पण तिला तसं वाटलंही नसेल. मावशीकडे ठेवायला विश्वास कशाला लागतो?

सकाळी मी साहेबांना बोलावलं, मोटरवर हात ठेवला, डोळे मिटले. मशीन नेहमीपेक्षा जास्त वेगावर न्यायला लावलं आणि तिथे पल्स बदलायला लावले. ट्रिप झालं. होणारच होतं, कागदावर लिहिलेलंच होतं. मग मी डोळे उघडून म्हटलं, “साहेब, कोन पळतोय. वेगाबरोबर मागे राहतोय. मला ऐकू येतंय.”

मला ऐकू येतंय!

आकडे मी एकेक करून सांगितले. मध्ये मध्ये थांबून, कान देऊन, पुन्हा ऐकल्यासारखं करून. नाटक कंपनीत असते तर नाव काढलं असतं. पाचही आकडे तिच्या चौकटीतले. संध्याकाळपर्यंत ते आत भरले. दुसऱ्या दिवशी इंजिन घाटात गेलं, गाडी मागे लावून उतरलं आणि कुठेही अडलं नाही. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. पेढे वाटले. त्या सुधारणेला कुणीतरी ‘मावशी करेक्शन’ म्हणालं, आणि तेच नाव पडलं. आजही तेच आहे. कॉम्प्युटरमध्ये तेच नाव आहे.

हर्षदा परत आली तेव्हा डब्यात दोन पेढे उरले होते. कुणीतरी तिला म्हणालं, “अगं, तू नव्हतीस, मावशींनी नुसतं ऐकून काढलं!” सगळ्या बेंचमध्ये एकटीलाच माहीत होतं की मावशी ऐकू शकत नाही. तिने माझ्याकडे बघितलं. मी पेढ्याचा डबा पुढे केला—हो, मीच केला. तिने पेढा घेतला, खाल्ला, आणि म्हणाली, “चालली ना गाडी? मग झालं.” कागद परत मागितला नाही. भांडली असती तर मी भांडले असते, वरचढ ठरले असते, मला सवय होती. ती नेहमीसारखी समोर येऊन बसली आणि भाकरीचा तुकडा मोडून माझ्या झाकणात ठेवला. तो घशाखाली उतरवताना मी ठरवलं. हो, तेव्हाच. उगाच पुढे कधीतरी सुचलं म्हणायला नको.

पुढल्या महिन्यात तिचं प्रोबेशन संपत होतं. तिच्याबरोबर आणखी एक मुलगा होता, पुण्याचा, गोड बोलणारा. जागा एकच. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर फॉर्म होता. म्हणाले, “मावशी, मला तर हर्षदा बरी वाटते. पण बेंचवर तुम्ही बघता. तुमच्या शब्दाबाहेर मी जात नाही.”

मी म्हटलं, “पोरगी कागदावर हुशार आहे साहेब. पण मशीन तिला कळत नाही.”

साहेब चमकले. “काय सांगता? मला तर—”

“अठ्ठावीस वर्षं ऐकतेय मी मशीनं. कुणाला कळतं आणि कुणाला नाही, ते मला कळतं. ती घाबरते बेंचला. उद्या हाय व्होल्टेजला काही झालं तर तुम्हाला आणि मला झोप लागणार नाही.”

घाबरते! पहिल्या आठवड्यात जी उघड्या पॅनेलशेजारी उभी राहून मला नियम म्हणून दाखवत होती, ती. साहेबांनी थोडा वेळ पेन फिरवलं. मग फॉर्म माझ्याकडे सरकवला. “तुमच्या हातानेच लिहा.” मी लिहिलं. मराठीत, माझ्या वळणदार अक्षरात—ज्या अक्षराचा मला अभिमान—‘यंत्राची समज कमी. टेस्टिंगसाठी योग्य नाही.’ खाली सही.

तिला साहेबांनीच सांगितलं, मी लिहिलं हे मात्र सांगितलं नाही. कॉन्फिडेन्शियल असतं ना. ती माझ्याकडे आली, समोर उभी राहिली. रडली नव्हती, पण नाक लाल होतं. म्हणाली, “मावशी, माझं कुठं चुकलं असेल हो?” मी तिला जवळ घेतलं. पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, “नशीब गं. मोठ्या साहेबांच्या मनात पुण्याचा होता. मी पुष्कळ सांगून पाहिलं.” मला वाकून नमस्कार करून गेली.

आता तुम्हाला वाटेल, हेच ते. एवढ्यासाठी ही बाई इतकं गोल गोल फिरत होती. मलाही वाटायचं, पुष्कळ वर्षं. भीती होती, मी स्वतःला सांगायची—नोकरीची भीती, नावाची भीती, विधवा बाई, एकटीने उभं केलेलं सगळं. भीतीने माणूस काहीही करतो. असं म्हणून मी झोपायची, आणि झोप लागायची.

पण हे ते नव्हे. ते पुढचं आहे.

मी रिटायर झाले. मोठा सत्कार झाला. कानाला यंत्र लावलं, उघडपणे. म्हाताऱ्या माणसाला कोण विचारतंय? आता मला घाबरायला काही उरलंच नव्हतं. ना नोकरी, ना बेंच, ना तपासणी. ‘मावशी करेक्शन’ तर दगडावर कोरल्यासारखं पक्कं. मधल्या काळात हर्षदा सटाण्याला एका खासगी क्लासमध्ये अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, असं कानावर आलं होतं. दिवाळीला तिचा मेसेज यायचा, एखादा फोटो, पणत्यांचा. मी हात जोडलेलं चित्र पाठवायची.

एका दुपारी फोन आला. पुण्याहून. इलेक्ट्रिक बसच्या मोटरी चालवणारे इन्व्हर्टर बनवतात, अशी कंपनी. बाई बोलत होत्या, सभ्य, हळू. म्हणाल्या, “एका उमेदवाराबद्दल विचारायचं होतं. चार वर्षं या क्षेत्राबाहेर आहेत, पण मुलाखतीत फार छान बोलल्या. त्यांनी संदर्भ म्हणून तुमचं नाव दिलंय. म्हणाल्या, विमलमावशींना विचारा, त्यांनीच मला शिकवलंय.”

माझंच नाव दिलं होतं तिने. जगात दुसरं कुणी नव्हतं तिच्याकडे तिच्याबद्दल चांगलं सांगणारं. पेढ्याचं सगळं ठाऊक असून तिने माझं नाव दिलं.

एक वाक्य हवं होतं. ‘घ्या तिला, माझ्यापेक्षा हुशार आहे.’ एवढंच. चोरीचं सांगायची गरज नव्हती, फॉर्मचं सांगायची गरज नव्हती. कुणी मला काही विचारत नव्हतं, कुणी धरणार नव्हतं, माझं एका पैचं नुकसान नव्हतं. कानातलं यंत्र नवं होतं, त्या बाईंचा शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू येत होता.

मी म्हटलं, “मुलगी चांगली आहे हो. पण शिकवण्यातच बरी. बेंचवर नाही जमत तिला. घाबरते.”

पलीकडून त्या म्हणाल्या, “खरं का? बरं झालं तुम्हाला विचारलं. थँक्यू मावशी.”

का म्हणाले? तुम्ही विचाराल. मीही विचारलंय, उलटसुलट करून विचारलंय. आधीचं वाक्य खोटं पडू नये म्हणून? ती तिथे गेली असती, पुढे गेली असती, एखाद्या दिवशी कुणीतरी तिच्या तोंडून ते सूत्र ऐकलं असतं म्हणून? नाही. तेव्हा यातलं काहीही माझ्या मनात नव्हतं. मन रिकामं होतं. वाक्य जिभेवर तयार होतं, ते आलं. भीती नव्हती. रागही नव्हता.

ती अजून सटाण्यातच शिकवते. हर्षदा सोनवणे, नामपूरची. घाटातला तो कोन तिने काढला, एका ओळीच्या सूत्राने, वयाच्या चोविसाव्या वर्षी. मी काढलेला नाही.

फोन ठेवल्यावर मी आत गेले. मेथी निवडायची राहिली होती, ती निवडली. वरणाला फोडणी दिली. सुनेने विचारलं, “कुणाचा होता हो आई?” मी म्हटलं, “चुकून लागला होता.” मग आम्ही जेवायला बसलो, आणि मी दोनदा भात घेतला.